प्रशांतभावजी निघालं पुन्याला, आन दुसरं कोन?

मंचावर बसल्यालं अध्यक्ष केरूआबा, पलूसवरनं पाव्हनं म्हून आल्यालं नाथाजी गुरुजी, ज्येंचा आज निरोप हाय त्ये कॅसेटवालं प्रशांतभावजी, विश्रामबागंतली समदी मंडळी, आन मागं सतरंजीवर बसल्याल्या माझ्या आयाबहिनी, तुमास्नी समद्यास्नी माझा जय भीम.

मी दीपमाला. कॉलेजातलं शिपाई कुणाल, त्येंची मी बायकू. त्येंचं नाव म्या आज सभेपुढं घेतलं, घरात मी पायलचं पप्पा म्हनते. शाळा माझी तिसरीपत्तुर. माइक कवा हातात धरला न्हाई. म्हून चुकलं तर संबाळून घ्या.

आबा, माझं म्हायेर कोयनानगरला. तिथं भांडी वाजली की आधी पोर उचलून भाईर पळायचं आन मग इचारायचं, काय झालं म्हून. मी ल्हानपनापास्नं तशीच. त्यात किल्लारीचा भूकंप झाला तवा पायल पोटात व्हती. त्यामुळं मला जरा काय वाजलं की भ्या वाटतंय. लोक म्हनत्यात, दीपमाला लय संशयी हाय. व्हय, हाय.

प्रशांतभावजींचं कॅसेटचं दुकान कॉलेजाम्होरं, रसवंतीला लागून. तुमी समदी तिथनं भजनं, लग्नाची गानी भरून घेतलासा. पन सांजच्याला शटर निम्मं खाली वडून आत काय चालतंय, त्ये कुनाला ठावं व्हतं? आत तिघं बसायची. भावजी, वीरधवलदादा आन आमचं ह्ये. वीरधवलदादा म्हंजी पलूसच्या उसवाल्यांचं थोरलं, हितं कॉलेजला शिकत्यात. ह्ये रोज साडेसातला घरी यायचं, आन जेवताना हातानं ताटावर ठेका धरायचं.

एक दिवस धुन्यात ह्यांच्या खिशात चिठ्ठी गावली. चार रांगा. विंग्रजीत नावं, आन म्होरं आकडं. सात, नऊ, सहा, नऊ. नवाला दोन बारीला गोल केल्याला. मी चिठ्ठी घिऊन शेजारच्या रंगूबाईंकडं गेले. त्येंचं मालक मटक्यापायी मातीत गेल्यालं, त्यास्नी कळतंय. त्यांनी बघितलं आन म्हनल्या, "पोरी, ह्यो मटकाच. ह्यो ओपन, ह्यो क्लोज. गळ्यातलं डोरलं सांभाळ."

तुमी हासताय, पन म्या डोरलं खरंच पिठाच्या डब्यात लपवलं व्हतं.

दुसऱ्या दिवशी पायलला कडंवर घेतली आन रसवंतीच्या पडद्याआड जाऊन हुबी ऱ्हायले. रसवंतीवालं केरबामामा म्हनलं, "रस दिऊ का गं?" म्हनलं, मामा, गप ऱ्हावा. आतनं गिटारीचा आवाज. त्यावर कोनतरी गोऱ्या मानसाचा आवाज, तोंडात घास धरून बोलल्यावानी. आन हे तिघं भांडत व्हतं.

वीरधवलदादा म्हनत व्हतं, "निळ्या डबीवाल्यास्नी नऊ कसं देतोस रं? चार सूर हायती त्येंच्याकडं. चार."

तर आमचं ह्ये म्हनलं, "चार पुरत्यात गड्या. तुझ्या गुलाबी डबीवाल्याकडं चाळीस हायती, पन त्यातला एकबी त्येचा सोताचा न्हाई."

"लोक घेत्यात की त्येंच्या कॅसेटी."

"घेनारच. त्यांनी कारखान्याला ऊस घातलाय."

मला वाटलं, ही उसाची भानगड हाय. मग भांडन सोडवाय आत भावजी बोलाय लागलं, त्यावरनं हळूहळू कळलं. परदेशात काय पोरं म्हनं मोठ्या कंपनीकडं जात न्हाईत. सोताच गिटारी वाजवत्यात, सोताच कॅसेट काढत्यात, सोताच इकत्यात. ते झालं गुऱ्हाळ. आन कंपनीकडं गेलं, की कारखान्याला ऊस घातला. निळ्या डबीच्या कॅसेटवालं गुऱ्हाळावर ऱ्हायलं आन गुलाबी डबीवालं कारखान्यावर गेलं, आन ह्ये तिघं त्येच्यावर दोन वर्सं भांडत बसल्यालं. त्ये आकडं म्हंजी कोनाला किती मार्क दिलं त्ये. खऱ्या परीक्षंला पोरांनी एवडं भांडून मार्क मिळवलं आसतं तर बरं झालं आसतं.

माझा जीव भांड्यात पडाय पायजे व्हता. पन मी तिथनं लगीच हालले न्हाई, आन तिथंच माझी चूक झाली. वीरधवलदादा म्हनलं, "कारखान्याला घातला तर काय झालं? पोरंबाळं न्हाईत व्हय त्यास्नी?"

आन आमचं ह्ये म्हनलं, "त्येच तर. घर धरून बसल्यालं मानूस आसलं वाजवू शकत न्हाई. ज्येला वाजवायचं हाय त्येनं निघायला पायजे."

म्या पायलला घट्ट धरली. केरबामामा म्हनलं, "काय गं, रस पी की." मी न पिताच घरी गेले.

तवापास्नं मी ध्यान ठिऊन हाय. ह्यांनी मिरजला सतारी करनाऱ्या कारागिराकडं न्हेऊन जुनी गिटार नीट करून आनली, त्ये म्या बघितलं. दोन शर्ट इस्त्रीला टाकलं, त्येबी बघितलं. म्या इचारलं न्हाई. इचारलं की खरं सांगत्यात, त्येचंच भ्या.

खोटं कशाला बोलू, गानी म्याबी आयकली. भावजींनी निळ्या डबीची कॅसेट दिल्याली. भाकरी थापताना लावली. त्यात दोन गिटारी हायती. एक बोलती आन दुसरी तिला आडवी जाती, जावा-जावा बोलाव्यात तशी. पायल झोपली त्येच्यावर. चांगली हाय. पन चांगली हाय म्हून माझा इस्वास बसला, आसं न्हाई. माझं म्हननं येवडंच, दोन गिटारी लागत्यात. एक भावजींची. दुसरी कुनाची?

आता आजच्या भाषनाचं सांगते. परवा वीरधवलदादा घरी आलं. म्हनलं, "वहिनी, तुमच्या हातचं आमी दोन वर्सं खाल्लंय, तुमी निरोपाचं चार शब्द बोला." म्हनलं, मला येत न्हाई. तर म्हनलं, "मी लिवून देतो, तुमी खाली बगून वाचा." ही ती दोन पानं. अक्षर झ्याक हाय. मला तिसरी शिकल्यालीला बोलायला का सांगितलं, ह्येचाच मला पैल्यापास्नं वास आला. काल दुपारी पायल झोपल्यावर एकएक अक्षर लावून म्या त्ये वाचलं. पैल्या पानावर संगीताची सेवा, तरुनांचं मार्गदर्शन, समदं बरूबर. दुसऱ्या पानाच्या तळाला लिवलंय, बगा, वाचते. "प्रशांत व कुणाल या दोघांच्या पुण्यातील वाटचालीस माझ्या मनापासून शुभेच्छा."

दोघांच्या.

वीरधवलदादा, खाली मान घालू नगासा. तुमास्नी वाटलं, हिला ठावं आसंल. तुमची काय चूक न्हाई. मला ठावं न्हवतं. काल दुपारपास्नं ह्ये मी कुनाला बोलले न्हाई. सैपाक केला, पोरीला न्हाऊ घातलं. घरात इचारलं आसतं तर ह्यांनी भिंतीकडं बगून काय बी सांगितलं आसतं. हितं एवडी मानसं हायती. हितं सांगा.

प्रशांतभावजी, तुमी सरळ मानूस. ह्यास्नी संगं न्हेनार हायसा का?

मान नुसती हलवू नगा, मागल्या बायांस्नी दिसत न्हाई. "इचारलं व्हतं" म्हनत्यात. आन ह्यांनी काय सांगितलं? "बगतो म्हनला." आयकलंसा आबा? बगतो.

आता पायलचं पप्पा. दारापाशी हुबं ऱ्हाऊ नगा, हिकडं या जरा. पोरगी हाय खांद्यावर, सावकाश या. बगितलासा का?

"न्हाई जात" म्हनत्यात.

कवा ठरवलासा?

"आत्ता."

टाळ्या वाजवू नगा कुनी. टाळ्या वाजवायजोगा जबाब न्हाई त्यो. आत्ता ठरल्यालं सकाळपत्तुर टिकतंय का, मला ठावं न्हाई. तुमच्या त्वांडाकडं बगून कळतंय, की तुमास्नी लय जड गेलं. ते मी इसरनार न्हाई. दुकान बंद झालं तर वाद घालायला आमच्या घरी बसा. च्या मी करीन. निळं, गुलाबी, कोनाला किती मार्क द्यायचं त्ये द्या. फकस्त दार उगडं ठेवा.

भावजी, तुमी माझ्या पोरीच्या बारशाची कॅसेट भरून दिलासा, तुमच्या दुकानात माझ्या नवऱ्याला हासताना म्या पैल्यांदा आयकलं. तुमचं पुन्याला चांगलं व्हावं. कारखान्यावर जावा न्हाईतर गुऱ्हाळावर, उपाशी ऱ्हाऊ नगा. आबांनी बोलू दिलं, गुरुजी एवड्या लांबनं आलं, तुमी समद्यांनी बसून आयकलं, लय उपकार झालं. निरोपात घरचं काडलं, ह्ये शोभलं न्हाई. अडानी हाय म्हून पदरात घ्या.

उद्या सकाळी साडेसातला पुन्याची यस्टी हाय. भावजी, तुमास्नी सोडायला आमी तिघंबी स्टँडवर येनार. पायलला ह्येच कडंवर घेत्याल. गाडी फाटकातनं भाईर पडून वळनापल्याड गेली, की मग मी तिला माझ्याकडं घीन.