पोह्यांच्या आधी

महांतप्पा : ...म्हणून मी जळकोटच्या पाहुण्यांना सांगितले, की आमची राजेश्वरी पाटबंधारे खात्यात आहे.

राजेश्वरी : अप्पा, नऊ वर्षं मी लक्षद्वीपच्या समुद्रात डॉल्फिन आणि देवमाशांचा अभ्यास करते आहे. पाटबंधारे कुठून काढलंत?

महांतप्पा : पाण्याचेच काम, असा विचार केला. लिंगायताची लेक मासळीमागे हिंडते, हे सोयरीक जुळवताना कोणत्या तोंडाने सांगावे?

शिवगंगा : आता त्यांचा निरोप आलाय. लगीन झालं की पोरीची बदली धाराशिवला करून घ्या म्हणं. अन् कालव्याचं पाणी त्यांच्या शिवारात कधी सोडता, ते बी इचारलंय.

राजेश्वरी : आई, तू हसू नकोस. सोमवारी आमची बोट निघते. पाऊस लागला की समुद्र बंद. एक देवमाशाची मादी आहे, पाठीवरचा पर फाटलेला. दर हंगामात दिसायची, यंदा अजून दिसलेली नाही. मला इथं बसवत नाही.

महांतप्पा : एका मासळीपायी चालून आलेले स्थळ मोडावे काय?

राजेश्वरी : नाव देवमासा, पण मासळी नव्हे ती. पिलाला दूध पाजते. श्वास घ्यायला वर यावंच लागतं तिला. आमचं निम्मं काम तेवढंच, अप्पा. इंजिन बंद करायचं आणि ती वर यायची वाट बघायची.

महांतप्पा : किती वेळ?

राजेश्वरी : कधी कधी तासभर. कुणी बोलत नाही.

महांतप्पा : आणि नाहीच आली तर?

राजेश्वरी : तरी उठवत नाही.

(महांतप्पा दारापर्यंत जातात, रस्ता पाहतात, परत येतात.)

महांतप्पा : भूकंपात या सास्तुरातले आपले जुने घर बसले, तेव्हा मीही ढिगाऱ्याला कान लावून बसलो होतो. लोक म्हणाले, ऊठ, आत आता कोणी उरले नाही. मी उठलो नाही.

शिवगंगा : म्हणून तर सासूबाईंनी तुला मांडीवर खेळवलं, राजी.

राजेश्वरी : हे मला कधी सांगितलं नाहीत, अप्पा.

महांतप्पा : त्यात सांगण्यासारखे काय होते?

शिवगंगा : गाडी थांबली वाटतं दारात. आलेच ते. पोहे वाढू का?

महांतप्पा : थांब. आधी मी त्यांना सगळे खरे सांगतो, सोमवारचेही. पोहे खाल्ल्यावर माणसाला उठून जाणे अवघड पडते.