सुजितनं वजीर दिला तेव्हा

आमच्या तासगावचा सुजित बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर आहे हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्याच्या वडिलांचं ऐका. आबा म्हणजे फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. पोराला पहिली चाल त्यांनीच शिकवली, आणि शाळेत जायच्या आधीच ते पोर त्यांना हरवायला लागलं.

अलीकडं मात्र सुजितला काही केल्या स्पर्धा जिंकता येत नव्हती. गेल्या महिन्यात सांगलीत शेवटच्या डावाला त्याला नुसती बरोबरी पुरत होती. तेवढ्यावर पहिला नंबर ठरलेला. समोरच्यानं स्वतःहून बरोबरी विचारलीसुद्धा. सुजितनं नको म्हटलं आणि सरळ आपला वजीर मारायला पुढं केला. समोरच्यानं तो मारलाच नाही, आपला राजा बाजूला घेतला, आणि थोड्या वेळात सुजित हरला.

परतताना गाडी मी चालवत होतो. शेजारी आबा फुगून बसलेले.

"बरोबरी का घेतली न्हाईस रं?"

मागून सुजित म्हणाला, "आबा, ती चाल दिसली. दिसल्यावर खेळल्याबिगर राहवंना."

मग आबांनी हळूच विचारलं, "त्यानं वजीर मारला असता तर?"

"तर पुढच्याच चालीला घोड्यानं मात व्हती."

आबांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. सुजितनं मोबाइलवर तो डाव मांडून दाखवला, आणि आबांनी ती मात पुन्हापुन्हा बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"बगितलंस? आनि लोकं म्हनत्यात, बरोबरी घ्यायची!"