गुरुजींचा डावा गुडघा

(उज्जैन, १९९७. फ्रीगंजात टॉवर चौकाजवळ वकील प्रतिभा यांचं वरच्या मजल्यावरचं ऑफिस. टेबलावर खालच्या दुकानातून भाड्यानं आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर. समोर पूजा-लग्नं लावणारे गोपाळ गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू.)

प्रतिभा : थांबा, इथंच. पॉज केलंय. आता सांगा गुरुजी, हे कोण बसलंय?

गुरुजी : कुठं?

प्रतिभा : टीव्हीत. नवरा-नवरीच्या शेजारी. शाल पांघरून, मस्त मांडी ठोकून.

गुरुजी : चित्र थरथरतंय जरा.

सुमनकाकू : पॉजला थरथरतंच ते. तुम्हीच आहात. शाल ओळखते की मी, कालच धुतली.

प्रतिभा : तीन वर्षं झाली गुरुजी. तीन वर्षं मी कोर्टात ओरडतेय की मोटरसायकलवाल्यानं यांच्या सायकलला मागून धडक दिली, डावा गुडघा मोडला, आता मांडी घालता येत नाही, धंदा बुडाला...

गुरुजी : धंदा म्हणू नकोस. वृत्ती म्हण.

प्रतिभा : वृत्ती बुडाली! आणि विमा कंपनीनं काय दाखल केलं? ही कॅसेट. सुधाकररावांच्या गौरीचं लग्न, मागच्या फाल्गुनातलं. तीन तासांची कॅसेट आणि तिन्ही तास तुमची मांडी. उद्या पेशी आहे. उद्या जजसाहेब हे बघणार. मी काय करू, उठून टाळ्या वाजवू?

गुरुजी : मंगलाष्टकं मात्र चांगली झाली त्या दिवशी. आवाज लागला होता.

सुमनकाकू : ही कॅसेट कंपनीकडे गेली कशी गं?

प्रतिभा : कंपनीचा माणूस लग्नात आला होता चौकशीला. शूटिंगवाल्याकडून कॉपी घेऊन गेला.

सुमनकाकू : बदामी सफारीतला? मिशीवाला? अगं बाई! मी विचारलं कोणाकडचे, तर म्हणे मुलीकडचे. मी आग्रह करकरून पाच जिलब्या वाढल्या मेल्याला!

प्रतिभा : काकू, जिलब्या सोडा. गुरुजी, मला एकच खरं सांगा. तुम्हाला मांडी घालता येते की नाही?

गुरुजी : कसं आहे प्रतिभा, गुडघा जरा रुसलेला आहे.

प्रतिभा : रुसलेला! बरं, चला, प्रॅक्टिस करू. समजा मी कंपनीचा वकील. पंडितजी, आप पालथी मारकर बैठ सकते हैं या नहीं?

गुरुजी : देखिए, शास्त्र में चौरासी आसन बताए हैं। उसमें से आप कौन-सा...

प्रतिभा : हां या ना?

गुरुजी : आपका प्रश्न ही सदोष है।

प्रतिभा : बघा काकू! असं बोलले तर दावा गेला म्हणून समजा. तसंही यांनी पहिल्याच दिवशी घोळ घातलाय. पोलिसांच्या कागदावर यांचं बयान काय, तर "विशेष कुछ नहीं हुआ". हाडाचे दोन तुकडे आणि विशेष कुछ नहीं हुआ!

गुरुजी : चारचौघं जमले होते गं. त्यात दोन माझे यजमान. त्यांच्यासमोर रस्त्यावर पडून कण्हायचं?

सुमनकाकू : पुढचं सांगा ना. तो मोटरसायकलवाला घाबरून पाया पडायला वाकला, तर यांनी त्याला आशीर्वाद दिला.

प्रतिभा : पडल्या पडल्या?

गुरुजी : पाया पडणाऱ्याला दुसरं काय म्हणतात? आयुष्मान भव म्हटलं. तोंडातून आपोआप येतं ते.

सुमनकाकू : फळलाय आशीर्वाद. परवा टॉवर चौकात दिसला, आणखी मोठी फटफटी घेतलीय. हप्त्यावर मिळतात ना आता, गल्लोगल्ली झाल्यात.

प्रतिभा : मला काही सुधरत नाहीये. डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, एक्स-रे आहे. मी पण यांना काठी घेऊन जिना चढताना बघते. आणि इथं बघा, दोन्ही गुडघे कसे फक्कड वर आलेत. एक इकडे, एक तिकडे. मी डॉक्टरला खोटं म्हणू की डोळ्यांना?

सुमनकाकू : तो गुडघा नाहीये.

प्रतिभा : कोणता?

सुमनकाकू : डावा. उजवा खरा आहे. डावा नारळ आहे.

गुरुजी : सुमन!

सुमनकाकू : आता काय सुमन? डॉक्टरपाशी आणि वकिलापाशी लाज धरली की माणूस मेलाच.

प्रतिभा : काकू, परत एकदा. सावकाश सांगा.

सुमनकाकू : अगं, उजवा पाय दुमडायचा. डावा लांब सोडायचा चौरंगाखाली. चौरंगावर जमिनीपर्यंत कापड, म्हणजे पाय दिसत नाही. पण मग ही बाजू सपाट दिसते ना? म्हणून शालीखाली नारळ. शेंडी आत, गोल बाजू वर. डिट्टो गुडघा. मीच काढली ही युक्ती.

प्रतिभा : आणि हे कधीपासून चाललंय?

सुमनकाकू : प्लॅस्टर निघाल्यापासून. सत्यनारायणाला लहान नारळ, लग्नाला मोठा. लग्नात सोवळं जाड असतं ना.

प्रतिभा : अरे देवा! म्हणजे माझा क्लायंट नारळ पांघरून बसतो, आणि मी मात्र न्याय मागत फिरतेय!

गुरुजी : हसू नकोस गं. तुझी मुंज नाही लावली, पण तुझ्या दोन्ही भावांच्या मी लावल्यात.

प्रतिभा : नाही हसत. हे बघा, नाही हसत. पण मला आधी सांगायचंत ना! हेच तर कोर्टात सांगायचंय. बस, काम झालं.

गुरुजी : नाही सांगायचं.

प्रतिभा : का?

गुरुजी : यज्ञकर्म करणारा अव्यंग असावा, असं म्हणतात. उद्या मी भर कोर्टात बोललो की संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत होईल. मग मला कोण बोलावणार? हिंदीवाल्यांचा सावन लागलासुद्धा, आपला श्रावण पंधरा दिवसांवर आलाय. वर्षाचं पोट या महिन्यावर चालतं. आणि तो नानाखेड्याचा नवा पंडित टपून बसलाय. स्कूटरवरून येतो, टेपवर मंत्र लावतो, अर्ध्या तासात सत्यनारायण उरकून प्रसाद घेऊन पसार!

सुमनकाकू : आणि दावा गेला तर? इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलंय ना, दुसरं ऑपरेशन केलं तर गुडघा वाकेल. त्याचे पैसे काय चौरंगाखालून येणार आहेत?

गुरुजी : म्हणजे मांडी परत हवी, तर आधी गावभर सांगायचं की मांडी गेली. चांगला न्याय आहे!

प्रतिभा : आहे तो हाच आहे. पण गुरुजी, नुसतं सांगून भागणार नाही. कंपनीचा वकील म्हणेल, नारळाची गोष्ट बनावट आहे. पुरावा कुठाय?

सुमनकाकू : याच कॅसेटमध्ये आहे की. ओटीपाशी घे. पुढं, आणखी पुढं. ओटीला एक नारळ कमी पडला होता.

प्रतिभा : मग?

सुमनकाकू : मग काय, यादी यांनीच केलेली, बोलणार कोणाला? मुहूर्त चाललाय, बायका ताटकळल्यात. यांनी शालीखाली हात घातला आणि दिला काढून.

प्रतिभा : गुडघा?

सुमनकाकू : गुडघा! गौरीच्या आत्यानं हातात घेतला आणि म्हणाली, अगंबाई, हा नारळ कोमट कसा?

गुरुजी : मी म्हटलं, होमाजवळ होता.

प्रतिभा : थांबा, आलं! हे बघा. शालीखाली हात... नारळ बाहेर... आणि डावी बाजू एकदम फुस्स! शाबास गुरुजी! आता... हे काय? परत गुडघा आला. पण हा चौकोनी आहे.

सुमनकाकू : पेढ्यांचा डबा. मागून मी सरकवला. मिळेल ते घेतलं बाई घाईत.

प्रतिभा : कंपनीनं आपल्या हातानं माझी केस जिंकून दिलीय. चौकोनी गुडघा कोणत्या माणसाला असतो? उद्या फक्त एवढं दाखवायचं आणि तुम्ही एक वाक्य बोलायचं, मला मांडी घालता येत नाही.

गुरुजी : तू बोल. मी मान हलवतो.

प्रतिभा : तुमची गवाही आहे, माझी नाही. मान कागदावर उतरत नाही.

गुरुजी : मग राहू दे दावा. काढून घे.

सुमनकाकू : अहो!

गुरुजी : तीस वर्षं मी या गावात ताठ बसलोय, सुमन. माझ्याकडे आहे काय दुसरं? जमीन नाही, पेन्शन नाही. गुरुजी आले, बसले की घरातली माणसं गप्प होतात, एवढंच आहे. ते गेलं तर नवा गुडघा घेऊन मी कुणाच्या घरी बसू?

सुमनकाकू : आणि रोज रात्री गुडघ्याला तेल चोळताना तोंडात उपरणं कोंबता, ते मी किती दिवस बघू? सांगा ना. मला नाही बघवत आता.

प्रतिभा : काकू, रडू नका. थांबा, मी बंद करते हे.

सुमनकाकू : नको, चालू दे. भाडं तासाचं दिलंयस ना? सप्तपदी येतेय. गौरी किती गोड दिसत होती.

गुरुजी : होमाची जागाच अवघड केली होती तिथं. सगळी जागा चौरंगानं खाल्ली. सुधाकरला भपक्याची हौस! चौरंग होता की पलंग? देव एवढेएवढेसे आणि त्यांना मैदान!

प्रतिभा : गुरुजी, चौरंगाच्या पलीकडून हे काय बाहेर आलंय? कापडाखालून?

सुमनकाकू : अय्या, अंगठा! तुमचा अंगठा दिसतोय!

गुरुजी : शिव शिव. शूटिंगवाल्याला हेच दिसलं?

प्रतिभा : थांबा... हे सुधाकरराव वाकले ना? आपलं उपरणं काढून अंगठ्यावर टाकतायत. आणि गौरी बघा, होमाभोवती फिरताना तिथं आली की वळसा घेते.

गुरुजी : शालू अडकला असेल.

प्रतिभा : दुसऱ्यांदा पण घेतलाय वळसा. नवरा पण घेतोय. कोणीतरी बोलतंय मागं. आवाज वाढवू? सनईच फार आहे.

सुमनकाकू : वाढव, वाढव. ती वरमाय आहे, सुनेला सांगतेय काहीतरी.

प्रतिभा : मागं घेते. ऐका हं. "जरा... बाजूनं गं गौरी. गुरुजींचा पाय आहे तिथं."

सुमनकाकू : देवाशपथ, असंच म्हणाली!

प्रतिभा : श्श. आता सुधाकरराव बोलतायत. "चौरंग मुद्दाम... मोठा करवून घेतला हो... तरी अंगठा राहिलाच बाहेर. बोलू नका कोणी, त्यांना वाईट वाटेल."

सुमनकाकू : अहो, ऐकलंत?

प्रतिभा : गुरुजी?

गुरुजी : परत लाव.

प्रतिभा : लावते. हे घ्या.

गुरुजी : माझ्यासाठी केला होता चौरंग. आणि मी त्या माणसाला महिनाभर नावं ठेवली. पार जोशींच्या घरी जाऊन ठेवली.

सुमनकाकू : म्हणजे ठाऊक होतं सगळ्यांना. आणि मी आपली नारळ निवडत बसत होते, गोल बघून!

प्रतिभा : अख्ख्या मांडवात हे ठाऊक नसलेला एकच माणूस होता म्हणायचं. तो बदामी सफारीवाला.

गुरुजी : दोन. तो आणि मी.

प्रतिभा : आता काय करू? दावा काढून घेऊ का?

गुरुजी : विचार मला. त्या वकिलासारखं विचार. हिंदीत.

प्रतिभा : पंडितजी, आप पालथी मारकर बैठ सकते हैं या नहीं?

गुरुजी : नहीं साहब। नहीं बैठ सकता। तीन बरस हो गए।

प्रतिभा : बस. उद्या एवढंच. एक शब्द जास्त नाही.

गुरुजी : आणि त्या मोटरसायकलवाल्याबद्दल वाईट बोलायला लावू नकोस. आशीर्वाद दिलाय त्याला.

प्रतिभा : पैसे कंपनी देणार आहे गुरुजी. तो राहू दे आयुष्मान.

सुमनकाकू : चला, उठा. खाली सवारीचा टेम्पो मिळेल. काठी कुठाय? आणि रविवारी रुचिरकडे सत्यनारायण आहे, लक्षात आहे ना? त्यांच्याकडे नारळ मोठा न्यायचा की...

गुरुजी : नारळ देवापुढं ठेवायचा. रुचिरला फोन करून सांग, चौरंग मोठा लागेल.

सुमनकाकू : एवढा मोठा कशाला म्हणून विचारलं तर? काय कारण सांगू?

गुरुजी : आहे ते सांग.