कावळ्यासमोर दिलेला दिवसाच्या लाईटचा शब्द

नाव छाया समाधान बोडके, वय ३८, धंदा शेती, राहणार टेकवाडी, ता. दिंडोरी, जि. नाशिक.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवरा समाधान याच्यासोबत राहते. आम्ही टमाटे आणि झेंडू करतो. वीज कंपनीचे इंजिनिअर शेखर दुसाने यांना आम्ही सासूबाईंच्या दहाव्याच्या दिवशी पळवून नेले, अशी त्यांची तक्रार मला वाचून दाखवली. पळवून न्यायला ते काय नवरी आहेत का? माझा दीर वाळू याच्या मोटारसायकलवर ते स्वतःहून बसले. वर 'हळू चालवा' म्हणाले.

गावाजवळ मोठा कारखाना सुरू झाला, तशी शेतीची दिवसाची लाईट रात्रीवर गेली. शिवारात बिबट्या आहे. रात्री समाधानचे शेताला पाणी भरून होईपर्यंत माझ्या सासूबाई नवसाबाई जेवत नसत. आम्ही ऑफिसात गेलो तर दुसाने साहेब म्हणाले, "कारखान्याचा लोड वाढलाय, वरून ऑर्डर आहे." मी म्हणाले, "सगळ्यांना लाईट द्यायची म्हणून तुम्हाला खुर्ची दिली ना? कारखान्याच्या मालकाला रात्री बिबट्या धरतो का?" साहेबांनी चहा मागवला.

पुढे सासूबाई आजारपणात वारल्या. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समाधान म्हणाला, "आई, गाय विकणार नाही." कावळा हलला नाही. वाळू म्हणाला, "दारू सोडतो." कावळ्याने तोंड फिरवले. त्यात कावळ्याची चूक नाही, वाळूला आम्ही पण ओळखतो. ऊन चढले, पाहुणे भुकेने कुरकुरायला लागले. तेव्हा नणंद कलाबाई म्हणाल्या, "अगं बया, आईचा जीव लाईटीत अडकलाय! त्या इंजिनिअरलाच आणा."

साहेब आले, बूट काढले, हात जोडले. म्हणाले, "आजी, तुमच्या शिवाराला दिवसा लाईट देतो." कावळा लगेच शिवला. आम्ही सगळे रडलो. साहेबांचे पण डोळे भरले होते, ते तक्रारीत लिहिलेले नाही. साहेब पंगतीला जेवून गेले.

लाईट मात्र रात्रीचीच राहिली. म्हणून मी ऑफिसात जाऊन "मेलेल्या बाईला फसवलं" असे ओरडले, हे खरे आहे. साहेब म्हणतात, शब्द दबावाखाली दिला. दबाव कुणाचा, कावळ्याचा? मग गुन्हा त्याच्यावर नोंदवा.

हवालदार म्हणाले, माफी मागून मिटवा. मागते. माणूस वाईट नाही, पण लाईट देणे हे त्यांचे काम आहे, उपकार नाहीत. मला दिवसा लाईट पाहिजे, दुसरे काही नको.

जबाब मला वाचून ऐकवला, मी बोलले तसाच उतरवला आहे. सही करते, पण आता मला सोडा. आज पण आमची पाळी रात्रीची आहे. सासूबाई होत्या तोवर बांधावर बॅटरी धरून त्या उभ्या राहायच्या. मी नाही पोचले तर समाधान एकटाच जाईल.