भरलेली ट्राम मागे जात नाही

...आणि नाकाचं काय झालं हे आता कोणी विचारू नका. चाळीस जणांनी विचारलं, चाळिसांना सांगितलं की समोरून ट्राम आली, तर हसतात. "केसरीनाथभाऊ, काल्हेरला कुठली ट्राम?" अरे, ज्या गोडाऊनमध्ये तुम्ही ड्युटी करता ना, तिथून गेली होती. तुमच्या बापाला विचारा. हळदीला आलात, बसा, ऐका.

खाडीच्या बांधावरून जायची. मिठागरापासून बंदरापर्यंत लोखंडी रूळ आणि त्यावर मिठाच्या गाड्या. आमची आक्का मुंबईला जाऊन खरी ट्राम बघून आली, म्हणाली आपली पण ट्रामच की, झालं, गाव ट्राम म्हणायला लागलं. सकाळी ढकलायची. दुपारी खाडीवरून वारा सुटला की गाडीला होडीचं शीड बांधायचं, आणि मग मिठाच्या ढिगावर मी, एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्या हातात चाकात खुपसायचा दांडा, कारण ब्रेक म्हणून तोच... वय अठरा. तुमच्या एसी गाडीत असला वारा लागतो का?

पण रूळजोडी एकच. समोरून दुसरी गाडी आली तर? कायदा होता. रिकामी असेल त्यानं मागे जायचं. भरलेली ट्राम मागे जात नाही. आणि दोन्ही भरलेल्या असल्या तर? उतरायचं आणि मारामारी करायची. पडला तो मागे.

शेजारच्या वळ गावचा लडकू बंदरावरून मजुरांसाठी गोड्या पाण्याची पिंपं भरून आणायचा. म्हणजे तोही भरलेला, मीही भरलेला, रोज. त्यानं फावड्याच्या दांड्यानं माझे दोन दात पाडले, हे बघा, इथले. मी त्याचं डोकं त्याच्याच पिंपात दाबलं आणि पाय झाडायचे थांबले तेव्हा सोडलं. मग दोघंच बांधावर, भाकर एकाची, सुकट दुसऱ्याची, आणि रक्त पुसायला फडकं एकच. सहा वर्षं. तुम्हाला सांगतो, त्यानंतर मला कोणी इतक्या मनापासून मारलं नाही.

मग मिठागर गेलं, रूळ कोणी उपटून विकले, बांधाचा रस्ता झाला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच्या भिंती आल्या. खाडी आता दिसत नाही. वास येतो फक्त.

तर आज. ऋतिका, माझी नात, तिची हळद. मांडवात उंबराची फांदी घरातल्या सगळ्यात मोठ्यानं रोवायची, ही आमच्या घरची रीत. अकराच्या आत. ती रोवल्याशिवाय पोरीला हळद लागत नाही. वडपे गावच्या व्याह्यांकडून फांदी तोडून आणली, गाडी नातू प्रितेश चालवतो आहे, साडेदहा झालेत, मांडव पाच गोडाऊन पुढे, आणि समोरून टेम्पो. मागे डीजेचे हे एवढे डबे, पुढे ड्रायव्हरशेजारी कोण? लडकू. त्याच्याही घरी हळद.

त्यानं काच खाली केली. "केसऱ्या, भरलेला हाय मी."

"मी पण भरलेला."

"तुझ्यात काय हाय? एक फांदी."

"फांदी हाय आणि दोन सुना हायेत."

प्रितेश म्हणतो, "आजोबा, रिव्हर्स घेतो ना, दोन मिनिटांचं काम हाय." मी म्हटलं, भरलेली ट्राम मागे जात नाही. उतरलो. चष्मा काढून थोरल्या सुनेच्या हातात दिला. लडकूनं कवळी काढून त्याच्या नातवाच्या, विपुलच्या हातात दिली. म्हणजे चावणार नाही हे कळलं. माणूस कायद्याचा.

साठ वर्षांनी मारलं हो त्यानं मला! डोकं थेट नाकावर. मी त्याची मान धरून बॉनेटवर आपटली, दोनदा, तिसऱ्यांदा हात घसरला. त्यानं माझं मनगट पिरगाळलं, कट् आवाज झाला, मी गुडघा त्याच्या पोटात घातला, तो पडला, पडताना मला घेऊन पडला आणि छातीवर बसला. दोघांना धाप. तेवढ्यात त्याच्या काखेखालून मला काय दिसावं? आमच्या गाडीची चाकं. मागे चाललेली. प्रितेश गोडाऊनच्या फाटकात शिरला, टेम्पो पुढे गेला, आमची गाडी मांडवाकडे गेली, जाताना सून म्हणाली, "मामंजी, तुमचं चालू द्या." रस्ता पूर्ण मोकळा आणि त्यात आम्ही दोघं. लडकू छातीवरून उठला, म्हणाला, "आता कशासाठी मारू तुला?"

रिक्षा केली. दोघंही दवाखान्यात निघालो, तो मांडवाच्या उलट्या बाजूला. मनात एकच, फांदी आता धाकटा भाऊ पंढरी रोवणार, आयुष्यभर सांगत फिरणार. दोन गोडाऊन पुढे गेलो, समोर कंटेनर. रिक्षावाला म्हणतो, "चाचा, पीछे लेना पडेगा."

लडकू कवळीशिवाय ओरडला, "वो खाली है, हम भरेले है!"

कंटेनरवाला वरून म्हणतो, "खाली है तो क्या, चालीस फूट है."

रिक्षा मागे निघाली. मघाच्या फाटकात आता ट्रक लागलेला, म्हणून आणखी मागे... सगळे गोडाऊन मागे, पार आमच्या मांडवापर्यंत मागे. पंढरीनं फांदी उचललेली, खड्ड्यावर धरलेली. अकराला पाच कमी. मी डाव्या हातानं ती हिसकावली, लडकूनं बुंधा धरला, दोघांनी रोवली. दोघांच्या नाकातलं रक्त पडलं मुळाशी, ऋतिका रडायला लागली, म्हटलं रडू नकोस, हळद लागेल आता.

हा बघा, शेजारी बसला आहे, माझ्याच घरची भाकर खातो आहे. त्याच्याकडचा डीजे तिकडे वाजतो आहे आणि हा इथेच.

काय सांगू तुम्हाला. सगळी उमर मागे गेलो नाही. आज एकदा गेलो, तर वेळेवर पोचलो.