पुढच्या खेपेला

...आणि वर लोक मलाच विचारतात, या वयात कसली हो हौस तुम्हाला? हौस? अहो, हौस कुणाला होती? तुम्हाला सांगतो, एकसष्टाव्या वर्षी माणसाला काय पाहिजे असतं? सकाळच्या उन्हानं तापलेली एक भिंत, आणि तिला टेकवायला आपली पाठ. बास. तिशीत मला दोनशे मेंढरं पाहिजे होती, मग चार मुलींवर एक मुलगा पाहिजे होता, तो झाला, मग मुली सासरी सुखानं नांदाव्यात म्हणून देवाला हात जोडून जोडून तळवे झिजले, मेंढरांचं तर नावच राहिलं... आणि आता काय पाहिजे, तर भिंत. पण विसाव्या वर्षी? विसाव्या वर्षी मला काठी पाहिजे होती.

कुठली म्हणजे? देवाची. आमची वाडी होटगीच्या अलीकडं, एक्केचाळीस घरांची. काठी पंधरा हात उंच, टोकाला मोरपिसं. कमरेला कातडी पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या खोबणीत काठीचा बुडखा ठेवायचा आणि देवळापासून ओढ्यापर्यंत एकट्यानं चालायचं. दर चैत्रात एका घराचा मान. म्हणजे एका घराची खेप येणार एक्केचाळीस वर्षांनी. हा हिशेब ज्यानं बसवला, त्याला माणूस किती जगतं हे कुणी सांगितलं नसावं.

तर मी वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं, आणि खेप आमच्या घराची. वर्षभर मी बाभळीचं खोड कमरेला लावून ओढ्यातनं पळत होतो. केराबाई, म्हणजे आमची बायको, नवीन नवरी, तिला वाटलं आपल्याला खुळ्याच्या घरात दिलं. आणि जत्रेच्या दिवशी काय व्हावं? पुजाऱ्यानं पट्टा पुढं केला, मी हात लांब केला, आणि मधनं आबांनी, आमच्या वडलांनी, तो घेतला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मला म्हणाले, "तू पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला! जणू पुढच्या बाजाराला.

सहा महिने मी आबांशी बोललो नाही. मेंढरांशी बोलायचो, आबांना ऐकू जाईल अशा बेतानं. "म्हाताऱ्यांना मान लागतो गं बायांनो, लागू दे." त्या काठीनं आबांची कंबर गेली, पुढं मरेपर्यंत वाकून चालले. आणि खोटं कशाला सांगू, मला वाटायचं, बरं झालं... असं वाटायचं. आबांना जाऊन तीस वर्षं झाली तरी आत कुठंतरी ते तसंच होतं.

आता यंदा खेप आमची. पण मी कुठला उचलतोय? मला काय पाहिजे, ते सांगितलंच तुम्हाला. भिंत. पोरगा हाय की आमचा, गुंडा, होटगी ठेसनावर रुळांच्या कामाला खलाशी, वीस वर्षांचा, माघात लग्न झालं. तो रुळाखालचं टाकून दिलेलं लाकूड घरी घेऊन आला आणि लागला की कमरेला लावून पळायला. सून दारात उभी, तोंडावर पदर. केराबाई तिला म्हणते, "बिऊ नगंस, ह्या घरात असंच असतंय." आणि मी भिंतीला टेकून बघतोय. काय सुख वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, माझी राहिली, पोराची होते.

जत्रेच्या आदल्या दिवशी चिमाआत्या आली. आबांची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची, एकही दात नाही. मी सहज म्हणालो, "आत्या, आबांनी माझी खेप खाल्ली. लई हौस त्यांना मानाची."

आत्यानं मला हाताला धरून खाली बसवलं.

"दादाला कुटली रं हौस? त्येच्या आदल्या साली बसलिंगप्पाचं पोरगं काठीखाली बसलं, ते उठलंच न्हाय. इसरलास व्हय? तुजं नुकतं लगीन झाल्यालं. दादा मला म्हनला, चिमे, मोडायचीच तर म्हाताऱ्याची मोडू दे, पोराला अजून लई वझी उचलायची हायेत."

झालं. भिंत गार पडली हो माझी.

मग आबांनी मला सांगितलं का नाही? तुम्हीच सांगा, सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं? विसाव्या वर्षी? बसलिंगप्पाचं पोरगं डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि मी दुसऱ्या दिवशी बाभळीचं खोड शोधत फिरत होतो, मी ऐकणार होतो? रात्र कशी गेली माझी मलाच ठाऊक. सकाळी जत्रा. हलगी वाजतेय, पुजारी मायाप्पा पट्टा घेऊन आला, गुंडानं हात लांब केला, त्याच्या तळव्याला त्या लाकडाचे घट्टे पडलेले दिसले मला... आणि माझा हात मधनं गेला. मी घातला नाही, तुम्हाला शपथेवर सांगतो, तो आपला गेला. पट्टा बांधला. गुंडा, मलाही तो आबाच म्हणतो, म्हणाला, "आबा, ह्ये काय?" आणि माझ्या तोंडातनं काय निघावं?

"तू पुढच्या खेपेला."

ओढ्यापर्यंत नेली मी काठी. नेली, हे लिहून ठेवा कुठंतरी. टेकवताना कमरेत काहीतरी वाजलं, आणि मग मला बैलगाडीत घालून आणलं. वैद्यानं निरगुडीचा पाला बांधलाय.

गुंडा बोलत नाही माझ्याशी. काल गोठ्यात शेळीला सांगत होता, "म्हाताऱ्यांना मान लागतो. लागू दे." मी ऐकलं. मला ऐकू यावं म्हणूनच बोलत होता, ते बेत मला ठाऊक आहेत. म्हणेल म्हणेल आणि एकसष्टाव्या वर्षी त्यालाही कळेल, तोवर त्याच्या कमरेला तेल लावायला मी काही असणार नाही.

असू दे. मला काय पाहिजे? दारात भिंत आहे. सकाळचं ऊन आहे. खाट तिथंच टाकलीय केराबाईनं, वर म्हणते, "घ्या, बसा आता आरामात." पण वैद्य म्हणतो, तीन महिने पाठ कशाला टेकवायची नाही.

म्हणून मी पालथा पडून भिंतीकडं बघतो.