बाथरूममधला कॅमेरा

नाही नाही, सिनेमे बघायला नकोय हो मला, आणि चित्रं काढायची पेन्सिल वगैरे तर मुळीच नको — ती ठेवा बाजूला — मला काय हवंय, की कॅमेरा एका खोलीत, माणूस दुसऱ्या खोलीत, आणि माणसानं तिथून टॅबलेटवर बघायचं, तिथूनच चालू करायचं, बंद करायचं, जवळ आणायचं, लांब न्यायचं. होतं ना असं? कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच वायफायवर? अच्छा. आणि मध्ये भिंत असली तर? एकच भिंत, पण टाइल्सची आहे. टाइल्सनं फरक पडतो का? — अहो, बाथरूमची भिंत. असं काय बघताय माझ्याकडे? बाथरूममध्ये कॅमेरा आहे म्हणजे तसा कॅमेरा नाही हो! कबुतराचा आहे. कबुतरीणबाई बाळंत झाल्यात आमच्या बाथरूमच्या खिडकीत, आणि आमचे हे तिचं शूटिंग करतायत. तुम्ही पण ना! साठी उलटली आमची.

हे म्हणजे कवायतीचे मास्तर. शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त. निवृत्त झाले तेव्हा जावयांनी कॅमेरा दिला — हा एवढा, तोफेसारखा — म्हणाले, बाबा, छंद लावून घ्या. लावला. खिडकीच्या काचपट्ट्यांतली एक पडलेली होती, मी कधीपासून सांगत होते बसवून घ्या बसवून घ्या, तर तिथून ही आली आत आणि शाम्पूच्या बाटलीमागे चार काड्या टाकून बसली. दुसरं कुणी असतं तर हुसकलं असतं. हे बादली उलटी घालून समोर बसले. तेव्हापासून बसलेच आहेत. पांढरा बनियन, पांढरी लुंगी, डोक्याला पांढरा टॉवेल — का, तर मागच्या टाइल्स पांढऱ्या, तिला वाटावं भिंतच आहे. जेवणाचं ताट मी दाराच्या फटीतून सरकवते. आणि तेही स्टीलचं चालत नाही, वाजतं.

मग आंघोळी? खाली, जाऊबाईंकडे. खालच्या मजल्यावर धाकटे दीर-जाऊ राहतात. मी टॉवेल-साबण घेऊन जिना उतरते, सगळ्या बिल्डिंगसमोर, एखादी पाहुणी असल्यासारखी. हे पण उतरतात, तो टॉवेल डोक्यालाच. आधी जाऊबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. आणि आज सकाळी म्हणाल्या, ‘ताई, कबूतर तरी काढा नाही तर भावजींना तरी बाहेर काढा, आमचं गरम पाणी संपतंय.’ म्हणून आले मी. टॅबलेट घेतला की हे हॉलमध्ये बसतील सोफ्यावर, कॅमेरा राहील आत. कबूतर आणि कॅमेरा आत असताना आम्ही आंघोळी कशा करणार ते मात्र अजून ठरलं नाहीये. पण निदान एक जीव तरी कमी होईल आत.

हा? हा मोठा आहे, होय. कार्ड थेट याला लावता येतं? आणि यातून पुढं डिस्कवर? ते फार महत्त्वाचं आहे, कारण कबूतर सारखं काही ना काही करत असतं. म्हणजे करत काहीच नाही, बसून असतं, पण यांना वाटतं आता करेल. त्यामुळे कार्ड भरतं. मग कॉम्प्युटर भरला. मग जागा करायला काय काय पुसलं यांनी, तर आमच्या लेकीचं लग्न. अहो खरंच! लेकीचं लग्न पुसलं आणि तिथं कबूतर ठेवलं. मी फोल्डर उघडलं — वरती नाव ‘लग्न’, आत हे बसलंय, मान वाकडी करून.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गेले, बाथरूमचं दार ढकललं, तोंड उघडलं — आणि यांनी ओठांवर बोट ठेवलं. अंड्यातून पिल्लं नुकती बाहेर आली होती. आता भांडणार कशी? कुजबुजत भांडून बघितलंयत कधी? बघा एकदा. ‘लाज नाही वाटत तुम्हाला’ हे कुजबुजत म्हटलं की लाडात आल्यासारखं वाटतं हो. दोनदा म्हटलं मी. तिसऱ्यांदा मलाच हसू फुटलं आणि ते दाबता दाबता मी टबाच्या काठावर बसले. म्हटलं, का पुसलंत? जागा तर माझ्या भजनांची पण होती, ती पुसायची.

तर हे म्हणाले — अगदी हळू, तोंड माझ्या कानाशी — म्हणाले, ‘मी बघितला ग तो व्हिडिओ. पूर्ण. मी कुठेच नाही त्यात, नुसता माझा आवाज आहे. पोर गाडीत बसताना तुझ्या गळ्यात पडून रडतेय, आणि मागून मी ओरडतोय — गाडी पुढे घ्या, गाडी पुढे घ्या, रस्ता मोकळा करा. मला नाही ऐकवलं.’

तुम्हाला कल्पना नाही, या माणसाचा आवाज म्हणजे — चाळीस पोरं, एक मैदान, आणि माइक नाही. त्यानं सगळा जन्म तसंच बोलायचं ठरवलं. चहा पाहिजे तरी आख्ख्या बिल्डिंगला कळायचं. आजारी पडले मी तर ‘बरं वाटतंय का!’ असं विचारायचे की ताप चढायचा. प्रेमानंच विचारायचे हो, पण ओरडून. लेक लहानपणी कानावर हात ठेवूनच जेवायची. आणि तो माणूस टॉवेल बांधून माझ्या कानात सांगतोय की मला माझाच आवाज नाही ऐकवला. कबुतरानं मान वळवून बघितलं आमच्याकडे.

व्हिडिओची प्रत लेकीकडे आहे. नाही, यांना नाही सांगितलं मी. सांगेन कधीतरी.

तर आता असं झालंय — म्हणजे झालंय असं नाही, मी आपली दुपारची आत जाते, टाइल्स पुसायला. टाइल्स काय, असतात तशाच. बसते टबाच्या काठावर. हे बोलतात. काय काय सांगतात! शाळेतलं, त्यांच्या आईचं. मला विचारतात, तुला कंटाळा येतो का ग. कधी विचारलं नव्हतं. परवा माझा हात हातात घेतला — तुम्ही काय मुलासारखे, तुम्हाला सांगते — तर मला आधी वाटलं लेन्स पुसायचा कपडा मागतायत.

काय म्हणालात? हॉलपर्यंत नक्की पोचेल? टाइल्समधून पण? म्हणजे हे बाहेर येणार. सोफ्यावर बसणार. आणि सोफ्यावरून कबुतराला ऐकू जाण्याची भीती नाही, म्हणजे मग —

हो हो, ऐकतेय मी. चांगलाच आहे हा, दोष नाही काढत. बॅटरी पण चांगली म्हणताय. पण राहू द्या. नको, बंद करा खोका. स्वस्तातला पण नको. जाऊबाईंना सांगेन टाइल्समधून पोचत नाही. ती डिस्क दाखवा फक्त, ती काळी — सगळ्यात मोठी कोणती? त्यात किती कबूतर मावेल? नाही, वर्षभराचं धरा. ही पिल्लं उडाली तरी दुसरी अंडी घालतात म्हणे लगेच त्याच जागी, मी वाचलंय. काचपट्टी काही मी बसवत नाही आता.

थांबा, फोन वाजतोय. यांचाच. — हॅलो? काय? पिल्लानं काय केलं? — अहो, ऐकू येत नाहीये, जरा मोठ्यानं — नाही, नको! नको नको, तसंच बोला, तसंच. — ओ दादा, तुमचा तो टीव्ही बंद करा आधी. आणि तुम्ही पण जरा गप्प बसा हो, मघापासून मध्येमध्ये बोलताय. — हं. बोला.